पाठीकडून उघडणारा शर्ट

मंठ्यात सुमेधाकडं ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायकांनाही बरेच दिवस ठाऊक नव्हतं, की दुपारनंतर तिचं मशीन कोणासाठी चालतं. ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे कपडे शिवायची.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. संपतराव जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन, याशिवाय ते कधी घराबाहेर पडले नाहीत. लकवा झाला आणि उजवा हात बाहीत जाईना. घालायला गेलं की दुखायचं, ते कळवळायचे. मग घरच्यांनी उघड्या अंगावर नुसती चादर टाकायला सुरुवात केली. कोणी भेटायला आलं की संपतराव भिंतीकडं तोंड फिरवायचे. ते दुखण्यानं तसं करतात, असं सगळे समजायचे. सुमेधाला तसं वाटत नव्हतं.

एका दुपारी तिनं त्यांचाच एक शर्ट घेतला, पाठीमागून कॉलरपासून खालपर्यंत मधोमध कापला, कडा दुमडून शिवल्या आणि बांधायला बंद लावले. आता हात वर करायला नको, उठून बसायला नको. समोरून दोन्ही बाह्या चढवायच्या आणि मागं गाठ मारायची. पुढून पाहणाऱ्याला कॉलर, बटणं, खिसा, सगळं जिथल्या तिथं. सासूनं, म्हणजे कांताबाईंनी, खिशाला पेन लावला. संध्याकाळी शाळेतले जुने सोबती आले, तेव्हा संपतरावांनी तोंड फिरवलं नाही. वाकड्या ओठांनी का होईना, बोलले.

पुढं संपतराव वारल्यावर नवऱ्यानं, प्रेमनं, सुचवलं की असे शर्ट, असे गाऊन ऑनलाइन विकायला ठेवावेत. प्रेम जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला होता आणि सुटीला घरी यायचा. त्यानंच फोटो काढले. फोटो फक्त पुढून काढायचे, हे दोघांनी मिळून ठरवलं. आधी तिनं मिक्सरची कव्हरं विकून पाहिली होती, तर आठवडाभरात तिचेच फोटो लावून दुसरे विकायला लागले होते.

"मागची बाजू दाखवली की संपलं," प्रेम म्हणाला. "कोणीही कापून घेईल घरीच."

धंदा हळूहळू जमला. नाशिक, सोलापूर, नांदेड, कुठून कुठून मागणी यायची. पार्सल ती स्वतः पोस्टात नेऊन द्यायची. काउंटरवरचे मच्छिंद्रभाऊ पत्ता वाचून म्हणायचे, "ताई, तुमचं नाव तर लई लांब चाललंय."

मग दोन हजार एकवीसचा उन्हाळा आला. कोरोनाची दुसरी लाट. दवाखान्यांत जागा नव्हती, म्हणून घराघरांत माणसं अंथरुणावर होती आणि सुमेधाकडं पूर्वी कधी नव्हती इतकी मागणी आली. ती शिवत होती, पार्सलं जात होती, पण पोहोचत नव्हती. गाड्या कमी झालेल्या, जागोजागी कर्मचारी आजारी पडलेले. मोबाइलवर पार्सल कुठं आहे ते दिसायचं, आणि रोज तेच गाव दिसायचं.

सांगलीहून आकांक्षा नावाच्या मुलीनं वडिलांसाठी दोन शर्ट मागवले होते. काकासाहेब त्यांचं नाव. पडून कंबरेचं हाड मोडलेलं, त्यात ताप. आधी तिचे फोन नम्र होते. "ताई, जरा बघता का, कुठं अडकलंय?" सुमेधा पोस्टात जाऊन विचारून यायची.

"इथून त्याच दिवशी गेल्तं, ताई," मच्छिंद्रभाऊ मास्क सावरत सांगायचे. "पुढं गाडी मिळाली की जाईल. मी काय खोटं सांगू तुमाला? आमच्यातलेच तिघं दवाखान्यात हायेत."

हेच ती आकांक्षाला सांगायची. हळूहळू आकांक्षाचा आवाज बदलला. "तुम्हाला पाठवता येत नाही तर विकता कशाला?" असं ती एकदा बोलली आणि फोन ठेवला. त्याच दिवशी दुकानाच्या पानावर एक तारा देऊन लिहिलं: उशीर. उपयोग नाही. सुमेधाला राग आला. पोस्टाची गाडी काय ती चालवत होती? पण रागाला जागा तरी कुठं होती? ज्याच्यावर काढावा असं समोर कोणी नव्हतंच.

त्यानंतर फोन थांबले. काही दिवसांनी मोबाइलवर दिसलं, पार्सल पोहोचलं. सुमेधाला हायसं वाटलं. सवयीप्रमाणं तिनं मेसेज टाकला, "शर्ट बराबर बसले का?"

थोड्या वेळानं आकांक्षाचाच फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"बाबा सोमवारी गेले. पार्सल काल आलं."

"मी भांडायला फोन नाही केला, ताई. एक विचारायचं होतं. हा शर्ट म्हणजे नेहमीचाच आहे ना? नुसता मागून कापलेला?"

"हो."

"बाबांचे कपाटभर शर्ट आहेत घरात," आकांक्षा म्हणाली. "माहीत असतं तर मी त्यातलाच एक कापला असता." आणि मग, "शेवटपर्यंत चादरच होती अंगावर. त्यांना आवडायचं नाही ते."

तिनं फोन ठेवला. शब्दांत कुठं दोष दिलेला नव्हता. सुमेधा मशीनपुढं बसून राहिली. कांताबाईंनी जेवायला बोलावलं, तर म्हणाली, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ज्यांची पार्सलं जायची होती किंवा वाटेत अडकली होती, त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला. पार्सल कधी पोहोचेल सांगता येत नाही. घरात पेशंटचा जुना शर्ट आहे का? मिल बंद असल्यामुळं प्रेम घरीच होता. त्याला मोबाइल धरायला लावून तिनं एक शर्ट पाठीकडून कापून दाखवला. शिंप्यांची दुकानं बंद, घरोघर मशीन नाही, म्हणून कडा सुईदोऱ्यानं कशा दुमडायच्या, तेही दाखवलं. बांधायच्या बंदांऐवजी जुन्या ओढणीच्या पट्ट्या चालतील, म्हणाली. तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला.

व्हिडिओ काढणं चालू असताना कांताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आगं, आपल्या हातानं धंदा बुडवून राह्यली का तू?"

"आत्याबाई, मामांच्या वक्ताला आपण पार्सलची वाट पाह्यली आसती का?"

कांताबाईंनी आत जाऊन कात्रीला धार लावायचा दगड शोधून आणला. "बोथट हाये ही. कापड कुरतडल्यावानी दिसतंय फोनात."

बहुतेकांनी मागणी रद्द केली. काहींनी आभार मानले, काहींनी तेही नाही. परभणीच्या एका मुलीनं फोटो पाठवला. तिचे वडील चौकड्याच्या शर्टात उशीला टेकून चहा पीत होते. कांताबाईंनी मोबाइल हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. "टाके लईच मोठे घातले पोरीनं," म्हणाल्या. मग मोबाइल परत देताना, "पण मानूस नीट दिसून राह्यलाय."

इतक्या मागण्या रद्द झाल्यावर त्या ऑनलाइन बाजारानं तिचं दुकान पार खाली ढकललं आणि नव्या गिऱ्हाइकाला ते दिसेनासं झालं. पावसाळ्यानंतर गाड्या सुरळीत झाल्या, पार्सलं वेळेवर जायला लागली, पण पाठवायला फारसं काही उरलं नव्हतं. प्रेम एकदा चिडून बोलला, "आपण सगळं फुकटात वाटून दिलं." ती म्हणाली, "हो, दिलं." तिलाही ते वर्ष जड गेलं. ब्लाऊजची शिलाई, शाळेचे गणवेश, यावर घर चाललं. आपण बरोबर केलं की भावनेच्या भरात केलं, हे तिला कधी नीट ठरवता आलं नाही. आकांक्षाचा एक तारा अजून तिथं आहे. तो काढायला सांग, असं प्रेमनं सुचवलं होतं. तिनं सांगितलं नाही.

व्हिडिओ मात्र फिरत राहिला. कोणी कोणाला पाठवला, कळायला मार्ग नाही. आता तिला लोक थेट फोन करतात, आणि ती पहिल्यांदा पेशंटची चौकशी करते. कोणता हात उचलत नाही, पाठीला जखम आहे का, घरात जुने कपडे आहेत का. मग कसं कापायचं ते सांगते. काही जण एवढं ऐकून फोन ठेवतात, परत कधी करत नाहीत. काही जण म्हणतात, आम्हाला जमणार नाही, तुम्हीच शिवून द्या.

परवा शेजारच्या खेड्यातून आदिनाथ नावाचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला. आईचं नऊवारी लुगडं आणि दोन चोळ्या पिशवीत घालून आणल्या होत्या. अंथरुणावर पडलेल्या आईला गाऊन नको होता.

"तिला तिचंच पाह्यजे," तो अवघडून म्हणाला. "व्हिडिओत लुगड्याचं कायच न्हाई, म्हनून आलो."

चोळी सोपी होती. लुगड्याचं सुमेधानंही कधी केलं नव्हतं. तिनं त्याला बसायला सांगितलं, लुगडं चटईवर पूर्ण पसरलं आणि कांताबाईंना हाक मारली. दोघी मिळून विचार करू लागल्या, की निजलेल्या बाईला हे नेसवायचं तर कापायचं कुठून.