झाहराची माती

झाहरा गेली हे मला कळलं ती गेल्यानंतर सतरा दिवसांनी, हानेदा विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभी असताना. आईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मी लेकीला, इराला, घेऊन तीन आठवडे पुण्याला गेले होते. पुण्यात उतरल्या उतरल्या जपानचं सिम काढायचं, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं आणि भारतातलं घालायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. परत आल्यावर उलटा कार्यक्रम. तसा तो केला आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. आधी हॉस्पिटलचे निरोप होते, मग वॉर्ड ऑफिसचे. सगळे त्या जपानी अदबीच्या आवाजात... जोशी-सान, झाहरा-सान यांच्याबद्दल तातडीने बोलायचं आहे, तसदीबद्दल क्षमा असावी. शेवटच्या निरोपातला माणूस म्हणत होता की आपल्याशी संपर्क होऊ न शकल्याने नियमाप्रमाणे अंत्यविधी उरकण्यात आला असून अस्थी ऑफिसच्या ताब्यात आहेत. अस्थी. मी तो निरोप तीनदा ऐकला. आमची बॅग पट्ट्यावरून दोनदा फिरून गेली. इरा, इथल्या मुलांसारखी आईला ‘मामा’ म्हणणारी, माझी बाही ओढत विचारत होती, ‘‘मामा, दोशिता नो?’’ काय झालं ते तिला कुठल्याच भाषेत सांगता येईना.

झाहरा बहरीनची. आखातातलं ते एवढंसं बेट, नकाशात शोधायला गेलात तर बोटाखाली झाकून जाईल. आमची ओळख आठ वर्षांपूर्वीची, टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईहून बसने जावं लागे अशा एका बेंतोच्या कारखान्यातली. बेंतो म्हणजे दुकानातून मिळतात ते तयार जेवणाचे डबे. मी नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आलेली, इरा बालवाडीत जायला लागली तशी पार्टटाइम शोधत तिथे पोचले आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मांसाच्या पट्ट्यावर मला उभं करू नका. सुपरवायझरने कपाळाला आठ्या घातल्या आणि मला अगदी टोकाला नेऊन उभं केलं. तिथे आधीच एक बाई उभी होती. तिने डुकराचं मांस हाताळणार नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी. मी डब्यात भात दाबायचा, तिने त्यावर बरोब्बर मधोमध एक लाल खारवलेलं, उमे नावाचं आंबट फळ ठेवायचं. सुपरवायझर बहरीन हे भारतातलं एक गाव समजायचा. झाहराने कधी दुरुस्ती केली नाही. ‘‘असू दे,’’ म्हणायची, ‘‘निदान कुठल्यातरी देशात तरी धरतो मला.’’

ते वाक्य तेव्हा मला नीटसं कळलं नव्हतं. हळूहळू कळलं. ती शिष्यवृत्तीवर इंजिनीअरिंग शिकायला आलेली, हुशार. कावासाकीच्या एका कंपनीत चांगली नोकरीही लागली होती. तिकडे तिच्या देशात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तिचा थोरला भाऊ अली त्यांच्यात होता. राज्य करणारं घराणं सुन्नी आणि गावोगावची बहुतेक जनता शिया, त्यामुळे नोकरी, घर, फौज सगळ्यातच आपले आणि परके. पण हे भांडण धर्माचं नव्हतंच, असं ती तावातावाने सांगायची. तिची जिवलग मैत्रीण सुन्नी, तीही चौकात येऊन बसली होती. त्या चौकात डोक्यावर भलामोठा मोती धरलेला एक उंच स्तंभ होता. शेजारच्या देशाची फौज पुलावरून आली, आंदोलन मोडलं, आणि काही दिवसांनी तो स्तंभही पाडून टाकला. ‘‘माणसांना शिक्षा झालेली सगळ्यांनी पाहिलीय, मोत्याला झालेली आम्हीच पाहिली,’’ असं ती म्हणायची. अली तुरुंगात गेला. झाहरा इथे टोकियोत एका छोट्या सभेत उभी राहून दहा मिनिटं बोलली, एवढाच तिचा गुन्हा. पुढे कधीतरी नागरिकत्व काढून घेतलेल्यांच्या यादीत तिचं नाव आल्याचा मेसेज एका चुलतभावाने पाठवला. पासपोर्ट गेला, त्याच्या मागोमाग व्हिसाच्या कागदांचा घोळ, त्यात नोकरीही गेली, म्हणून हा कारखाना. जपानने राहू दिलं, पण नुसतं राहू दिलं.

मोत्यांवरून ती मला फार छळायची. तिचे पणजोबा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे. ते मोती गलबतांतून मुंबईला यायचे आणि तिथे विकले जायचे. त्यामुळे त्यांच्याकडे बटाट्याला अजून आलू म्हणतात आणि लोणच्याला अचार. मग जपान्यांनी शिंपल्यात मोती पिकवायला घेतले आणि बेटावरचा तो धंदा बसला. ‘‘आमचे मोती तुम्ही विकलेत, यांनी मारले, आणि बघ, मी इथे भातावर अचार ठेवतेय,’’ म्हणून पट्ट्यापाशी उभी राहून खुदुखुदु हसायची. मीही काही कमी नाही. म्हणायचे, नीट मधोमध ठेव, नाहीतर इथूनही हाकलतील. आता वाटतं, माझ्या या जिभेला काही हाड?

रविवारी कधी आम्ही घराजवळच्या, कसाईच्या समुद्रावर जायचो. इरा पुढे सायकलवर. एकदा मी सहज म्हणाले की ही सगळी जमीन भराव घालून केलेली आहे. ती थबकलीच. खजुरीच्या बागांना लागून तिचं गाव, लहानपणी दारातून समुद्र दिसायचा. मग भराव पडत गेला, भिंती आल्या, भिंतींमागे बड्या लोकांचे बंगले आले आणि गाव जागच्या जागी राहून समुद्रच लांब गेला. ‘‘बेटावर राहायचं आणि समुद्र बघायला टॅक्सी करायची,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या मुंबईतही समुद्र बुजवलाच की. ‘‘तुम्हाला कुणी विचारलं होतं?’’ ‘‘कोण विचारतंय आम्हाला!’’ मग दोघी हसत सुटलो. असं हसायला मला इथे दुसरं कुणी मिळालं नाही, हे खरं सांगते. निशी-कसाईत मराठी बायकांचा आमचा चांगला मोठा गट आहे, हळदीकुंकू होतं, गणपती होतो, पण जिच्यापाशी काही लपवावं लागत नाही अशी तीच एक होती.

आपल्या माणसांपासून मात्र ती लांब राहायची. मशिदीत जायची नाही, अरबी बोलणं कानावर आलं तर रस्ता बदलायची. कोण कुणाचा, कोण कुठे काय कळवेल आणि तिकडे आईच्या दारावर कोण येईल याचा नेम नाही, म्हणायची. त्यामुळे पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव पडलं, संपर्कासाठी माझा नंबर पडला. तो जपानचा नंबर.

फेब्रुवारीत एका दुपारी तिच्या खाटेपाशी मी संत्रं सोलत बसले होते. ती एकदम म्हणाली, ‘‘उम्म इरा, मला जाळू देऊ नकोस.’’ उम्म इरा म्हणजे इराची आई, ती मला कायम असंच हाक मारायची. या देशात माणूस गेला की जाळतात, तोच रिवाज, पुरायला जागा म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मला तो विषय नको होता, म्हणून मी आपली थट्टेवारी नेलं. आमच्यात तर सगळेच जळतात, कुणाची तक्रार आलेली नाही. ती हसली नाही. माझा संत्र्याने चिकट झालेला हात धरून म्हणाली, ‘‘देश नाही मिळाला. माती दे. कुठलीही चालेल.’’ मी म्हटलं, देईन. अगदी इराची शपथ घेऊन म्हटलं.

मग पुण्याहून आईच्या ऑपरेशनचं आलं. डॉक्टर म्हणत होते की झाहराकडे अजून दोन-तीन महिने आहेत. तीच म्हणाली, जा, मी कुठे पळून जातेय, पळायला पासपोर्ट लागतो. निघायच्या आदल्या दिवशी मी नर्सला सांगितलं की ही मुसलमान आहे, काही झालंच तर दहन करायचं नाही, मला फोन करा. तोंडी सांगितलं. जिथे कचऱ्याची पिशवी कुठल्या वारी बाहेर ठेवायची याचासुद्धा कागद घरी येतो, त्या देशात दहा वर्षं राहून मी ही गोष्ट तोंडी सांगितली! तिसऱ्या दिवसापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे मेसेज येत होते, मग थांबले. मी आयसीयूच्या बाहेर बसलेली. वाटलं, औषधाच्या गुंगीत असेल. दोनदा ‘कशी आहेस’ लिहिलं. हॉस्पिटलला एक फोन लावायला काय धाड भरली होती मला? नाही लावला. वॉर्ड ऑफिसने घरी दोन पत्रंही पाठवली होती. माझा नवरा मंदार नागोयाला पोस्टिंगवर, शनिवार-रविवार घरी येतो. त्याने ती पेटीतून काढून चपलांच्या कपाटावर नीट रचून ठेवली. जपानी पत्रं वाचायचं काम आमच्या घरात माझं. त्याला काय बोलणार?

वॉर्ड ऑफिसमधल्या माणसाने माझ्यापुढे कागद ठेवला. मला केलेल्या प्रत्येक फोनची तारीख, वेळ, सही. तो मान खाली घालून पुन्हा पुन्हा क्षमा मागत होता आणि त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं. मला ओरडायला कुणीतरी हवं होतं, तर तेही नाही. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा कलश घेऊन मी तोझाई लाइनच्या मेट्रोने घरी आले. मांडीवर ते काय आहे हे इथे सगळ्यांना कळतं. शेजारची जागा शेवटपर्यंत कुणी घेतली नाही. घरी इराने बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘झाहरा-सान?’’ मी मान डोलावली. ती आत गेली आणि आपल्या अभ्यासाच्या टेबलावरची पुस्तकं काढून तिने जागा करून दिली.

त्याच संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. उम्म अली म्हणतात त्यांना, अलीची आई. नंबर झाहराने मला एका कागदावर लिहून दिलेला होता. त्यांना गावातल्या भारतीय दुकानदारांशी बोलून बोलून आलेली मोडकी हिंदी येते. सतरा दिवस लेकीचा फोन नाही, तेव्हा त्या समजून चुकल्या असणार. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘मिट्टी में?’’ मी म्हटलं, ‘‘हाँ, अम्मा.’’

ते एक ‘हाँ’ खरं करण्यात पुढचे पाच आठवडे गेले. दिसेल त्या दफनभूमीला फोन केले. कुठे जागा नाही, कुठे गावकऱ्यांचा विरोध, कुठे मयताच्या देशाचा कागद मागायचे, आणि तोच तर नव्हता. शेवटी टोकियोपासून तीन तासांवर, डोंगरात, एक जागा सापडली. तिथली देखभाल करणारे पाकिस्तानी चाचा तीस वर्षं जपानात आहेत. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही, सिमसकट सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, ‘‘जळली असली तरी हाडं तिचीच ना. आणा. तिच्यावर याचा काही गुन्हा नाही.’’ ‘‘आणि माझ्यावर?’’ मी विचारलं. ते म्हणाले, बस नऊ वाजताची धरा.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. मंदारने रजा काढली होती. चाचांनी खणलेला खड्डा घागर पुरण्याएवढा. हाडं त्यांनी कापडात गुंडाळून ठेवली, तोंडाने काही पुटपुटले, आम्ही ओंजळीने माती लोटली. वर एक दगड. झालं. उम्म अलींना दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून फोन लावला. त्या अंगणात बसल्या होत्या, मागे खजुरीचं झाड. मी फोन मातीच्या इतका जवळ धरला, की कबर केवढी आहे ते दिसू नये. माती, दगड, थोडं गवत. एवढंच फिरवत राहिले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

‘‘अच्छा मिट्टी,’’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘तुम हाथ रखो. सर के पास. मैं पढ़ती.’’

मी मंदारकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. चाचांनी नजर दुसरीकडे वळवली. मंदारने माझ्या हातातून फोन घेतला आणि तसाच जवळ धरून ठेवला. मी खाली बसले. डोक्याची बाजू कुठली, पायाची कुठली... हातभर जागेत काय असणार? तिकडून त्यांचं कुराण पढणं सुरू झालं होतं. मी आपला मधोमध हात ठेवला आणि त्यांचं होईपर्यंत उचलला नाही.