रक्तवाहिनी घासायची नसते

दिल्लीतल्या आमच्या लॅबमध्ये मधुमेही उंदरांच्या रक्तवाहिन्यांवर काम चालायचं आणि माझी पीएचडी त्यावरच टांगलेली होती. टांगलेली म्हणजे खरोखरच. उंदराच्या महाधमनीची एक इवलीशी कडी कापायची, कोमट खारट पाण्यात दोन तारांच्या मध्ये अडकवायची आणि स्क्रीनवरच्या रेघेकडे बघत बसायचं. एक औषध घातलं की कडी आवळते आणि रेघ चढते. दुसरं घातलं की निरोगी उंदराची कडी लगेच सैल होते, रेघ उतरते. मधुमेही उंदराची मात्र धड सैलावत नाही. मला तेच दाखवायचं होतं.

पण माझ्या हातात आली की निरोगी कडीसुद्धा ढिम्म! रेघ चढायची आणि वरच बसून राहायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तशी गत. औषध बदललं, पाणी बदललं, उंदरांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि मग त्यांचीच माफीही मागितली, कारण बिचाऱ्यांचा जीव माझ्यापायी वाया जात होता. शेवटी माझ्या गाईड मॅडमनी सांगून टाकलं, "इस महीने नहीं हुआ तो टॉपिक किसी और को दूँगी." गाझियाबादच्या घरी आई देव पाण्यात घालून बसली.

मॅडम करोल बागेतल्या, पक्क्या पंजाबी. त्यांना स्वतःलाच मधुमेह होता. जेवणाआधी इन्सुलिनचं पेन काढून, पोटावर टोचता टोचता आम्हाला झापायच्या. एका सकाळी त्या माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या.

"कर. मैं देखती हूँ."

मी कडी कापली. आत रक्ताचा ठिपका दिसला. लगेच चिमट्याचं टोक आत घालून, गोल गोल फिरवून ती लख्ख केली. आमच्या घरात ताम्हन चिंच लावून चेहरा दिसेपर्यंत घासतात. आईची शिकवण, हात आपोआपच चालतो.

"ये क्या कर रही है?"

"सफाई, मॅडम," मी अभिमानाने म्हटलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, तूने तो बर्तन माँज दिया!"

मग त्यांनी समजावलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळसं अस्तर असतं. सैल हो, असं सांगणारं तेच. मी ते दर वेळी निष्ठेने खरवडून काढत होते. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं!

नवी कडी घेतली. आत काही घातलं नाही, नुसतं पाणी सोडलं. ठिपका राहिला तर राहू दे म्हटलं, जिवावर आलं तरी. पहिलं औषध, रेघ चढली. दुसरं घातलं आणि रेघ घसरगुंडीवरून यावी तशी खाली आली. मी स्टुलावरून उठून चक्क नाचले.

"अब शुगरवाला लगा," मॅडम म्हणाल्या.

तीही कडी तशाच हलक्या हाताने लावली. रेघ चढली. औषध घातल्यावर जराशी उतरली आणि तिथेच अडली. हवं होतं ते अगदी हेच! "आलं! आलं! सैलावत नाहीये!" मी मराठीतच ओरडले, टाळ्या पिटल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, शेजारी कोण बसलंय ते. माझे हात तिथेच थांबले.

मॅडम अडलेल्या रेघेकडे बघत होत्या. मग हसल्या.

"चुप क्यों हो गई? मेरी ही नसों की फोटो है, ठीक से सेव कर. टॉपिक तेरा."

मला एकदम भरून आलं. मी त्यांना मिठी मारली, हातमोज्यांसकट.