हात धुवायचं झाड

सुमन गेल्याचं मला कुणी सरळ सांगितलंच नाही. सकाळी जव्हारच्या घरात मी चहा गाळत होते, तेवढ्यात खोडाळ्याहून जनीचा फोन आला. जनी आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, सुमनच्या भिंतीला भिंत लागून राहते. म्हणाली, "कुसुमबाई, झाडांना आता पानी कोन घालंल?" मी म्हटलं, "का गं, सुमन गावाला गेली की काय?" पलीकडून नुसता कोंबड्यांचा आवाज... मग जनी रडायला लागली आणि मला कळलं. झोपेतच गेली होती. चहा ओट्यावर तसाच राहिला.

मी खोडाळ्याला पोचले तेव्हा डहाणूकडचे तिचे भाऊ, भाचे आलेले होते. माणसं चांगली. त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. येणारा-जाणारा त्यांच्यापाशी बसून दोन शब्द बोलत होता, आणि मी ओटीवर क्रोटनच्या डब्यांशेजारी बसले होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मला कोण काय म्हणणार? भाऊ गेला, नवरा गेला, तर माणसं येतात, पिठलं-भात घेऊन येतात. मैत्रिणीचं सुतक नसतं. संध्याकाळच्या जीपने मी परत आले आणि कुलूप उघडून दिवा लावला. ज्या माणसाला हे सगळं फोनवर सांगायचं, तेच गेलं होतं.

आम्ही दोघी बरोबरच खोडाळ्याच्या शाळेत नोकरीला लागलो आणि एक खोली भाड्याने घेतली. मी आणली होती ट्रंक, हिने आणली ट्रंक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली क्रोटनची काडी. मी हसले. म्हटलं, "अगं, आणायचं तर मोगऱ्याचं तरी आणायचंस. याला ना फूल, ना फळ, ना वास." ती म्हणाली, "पानंच एवढी नटलेली असताना फूल कशाला?" मी हट्टाने गुलाब लावला, जास्वंद लावली. भाताची कापणी झाली की इकडे गुरं-शेळ्या मोकळ्या सोडतात. एका दुपारी आम्ही शाळेतून आलो तर माझ्या गुलाबाचा बुडखा राहिलेला, जास्वंदीचा तोही नाही. एक शेळी सुमनच्या क्रोटनला हुंगत उभी होती. तिने एक पान तोंडात घेतलं, चीक लागला तशी थुंकून टाकलं आणि निघून गेली. सुमन नुसती माझ्याकडे बघून पदराआड हसली, ते जास्त झोंबलं.

शेळ्यांचं झालं, पाण्याचं काय? आमच्या मोखाड्याच्या मुलखात पावसाळ्यात भिंतींना शेवाळ चढतं आणि उन्हाळा लागला की विहिरीचा तळ दिसतो. बाया डोंगराखालच्या झऱ्यावरून हंडे आणतात. जनीची आईच आम्हाला एक हंडा आणून द्यायची. सुमनने पहिल्याच उन्हाळ्यात ठरवून टाकलं, की कुणी डोक्यावरून वाहून आणलेलं चांगलं पाणी शोभेच्या झाडाला घालायचं नाही. मग झाडाने काय प्यायचं? तर जेवून उठलेल्या माणसाने हात धुवायचे ते झाडाच्या डब्यात. मोरीत नाही, अंगणात नाही. एकाने ओणवं व्हायचं, दुसऱ्याने तांब्याने हातावर पाणी घालायचं. आमटीचं, ताकाचं, नागलीच्या भाकरीचं सगळं खरकटं त्या क्रोटनने गिळलं आणि असा काही माजला की बघणाऱ्याने बघत राहावं. पिवळ्यावर तांबडे शिंतोडे, खालची जुनी पानं तर अगदी जांभळी. मुंग्याही पुष्कळ व्हायच्या, पण त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

दोघींच्या हातांचं पाणी एका झाडाला पुरायचं. पण सुमनने गुट्या बांधायला सुरुवात केली. फांदीची साल बोटभर सोलायची, ओली माती लावून फडकं गुंडाळायचं आणि मूळ धरलं की कापून नवा डबा भरायचा. ओटीवर डब्यांची रांग लागली. मग हात धुवायला माणसं कमी पडायला लागली. त्यावरही तिचा उपाय तयार होता. बाजाराला आलेली एखादी म्हातारी, शाळेत पोराचं नाव घालायला आलेला बाप, पाऊस थांबेना म्हणून अडकलेला पोस्टमन, ही सगळ्यांना म्हणायची, "जेवून जा हो, माझी झाडं सुकलीत." माणूस उपकाराला बिचकतं, पण झाडासाठी जेवायला काय हरकत! एकदा तपासणीला साहेब आले. जेवण झाल्यावर त्यांनी बेसिन कुठे विचारलं, तर हिने तांब्या घेऊन त्यांना तेलाच्या डब्यात लावलेल्या क्रोटनपुढे उभं केलं. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला होता. साहेब मुकाट ओणवे झाले. पुढच्या वर्षी आले तेव्हा पानावरून उठताना त्यांनीच विचारलं, "बाई, यंदा कुठलं झाड?"

पुढे माझं लग्न झालं, जव्हारच्या शाळेत बदली झाली. सुमनने लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "राहून गेलं," आणि विषय भाजीवर नेला. निवृत्त झाल्यावर ती भावांकडे जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ती खोडाळ्यालाच राहिली. मग तिच्या दारात नळ आला. मी म्हटलं, "आता तरी लोकांना खरकट्या हातांनी ओटीवर नाचवू नकोस. नळाला पाइप लाव आणि घाल पाणी." ती चिडलीच. "नळ आला म्हणून माणसं यायची बंद करू?" तेव्हा मला उमगलं, की इतकी वर्षं मी उलटं समजत होते. झाडं जगावीत म्हणून ती माणसं जेवायला घालत नव्हती. संध्याकाळी त्या घरात दुसरं ताट मांडलं जावं, एवढ्यासाठी ती झाडं होती.

आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. ती वाळली होती, पण जीभ होती तशीच. जेवताना तिने एकदम विचारलं, "रात्रीचं काय करतेस गं तू?" माझे यजमान गेल्यापासून मी घरात एकटीच, मुलगा नाशिकला. मी म्हटलं, "एकटीसाठी कुकर कोण लावतो? चहा आणि टोस्ट." तिने घास खाली ठेवला. "वेडी आहेस का? त्याला जेवण म्हणतात?" मग उठून एक गुटी दाखवली. "ही तुझी. मूळ पुरतं धरलेलं नाही, पुढच्या खेपेला ने. आणि बघ, तुझ्या नळाचं पाणी घालायचं नाही. दोन वेळा जेवायचं आणि हात धुवायचे." मी म्हटलं, "हो गं बाई, हो." निघताना तिने माझ्या हातांवर पाणी घातलं. तांब्या जड झाला म्हणून मध्ये एकदा थांबली होती...

ती पुढची खेप आलीच नाही. दिवस झाल्यावर जनीने ती गुटी कापून डब्यात लावली आणि जीपमध्ये तो डबा मांडीवर घेऊन जव्हारला आली. मी तो गॅलरीत उन्हाच्या बाजूला ठेवला. आठवडाभरात पानं गळायला लागली, एकेक, चांगली रंगीत पानं. क्रोटनला जागा बदललेली खपत नाही, रुसतं ते. सुमनने खोली बदलली तेव्हाही असंच झालं होतं. हे मला माहीत होतं, तरी रोज सकाळी फरशीवरची पानं गोळा करताना ती मोजायचे. तिचं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. शेवटी नुसती काडी उरली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "टाकून द्या हो, दुसरं मिळेल नर्सरीत." मी सुमनसारखी नखाने साल जरा खरवडून पाहिली. आत हिरवं होतं.

त्या संध्याकाळी चहा टाकायला म्हणून उठले आणि कुकर लावला. डाळ, तांदूळ, जरा कांद्याची चटणी. टीव्ही न लावता, पाटावर बसून, हाताने कालवून जेवले. तेव्हापासून रोज जेवते. भूक नसली तरी जेवते, कारण काडीला तहान असते.

मागच्या आठवड्यात जनी दवाखान्याच्या कामासाठी जव्हारला आली होती. निघाली, तेव्हा मी म्हटलं, "जेवून जा गं, झाड सुकलंय." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग चप्पल काढून आत आली. जेवल्यावर मी तिच्या हातांवर पाणी घातलं. तिने तांब्या माझ्याकडून घेतला आणि माझ्या हातांवर घातलं. घालता घालता ओणवी झाली आणि म्हणाली, "बाई, काडीचा डोला फुगलाय काय, बघा ना." पान गळून पडलेल्या जागी गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता. आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. रडताना सुमनला शिव्याही घातल्या थोड्या, सांगून तरी जायचं होतंस म्हणून.

दुपारच्या गाडीने जनी गेली. संध्याकाळी मी पुन्हा कुकर लावला, जेवले आणि गॅलरीत गेले. दोन्ही हात धुवायचे तर पाणी घालायला दुसरं माणूस लागतं. मी डाव्या हाताने तांब्या धरते आणि उजव्यावर पाणी घालते. डावा हात कोरडाच राहतो.