दोन देवळांचा कौल

पोटुशी बाईला सल्ला द्यायला कुणाचीच परवानगी लागत नाही. म्हापशाच्या गर्भसंस्कार वर्गात तर आम्हाला मोठ्या रबरी चेंडूंवर बसवून एक कागद भरून घेतला होता: बाळंतपण कसं हवं, शेजारी कोण हवं, दिवे मंद हवेत का. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नॉर्मल. दिवे मंद.’ पेपर चांगला सोडवायची सवयच मला.

दिवस भरून वर तीन दिवस गेले, तरी कळांचा पत्ता नव्हता. सकाळीच सोनोग्राफी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाणी जरा कमी झालंय. उद्या सिझर करू, नाहीतर इथंच राहून दोन दिवस वाट बघू. बाळाचे ठोके चांगले आहेत. दोन्ही चालेल. संध्याकाळपर्यंत ठरवा.”

मी ठरवू? डोहाळजेवणाच्या साडीचा रंगसुद्धा मला कुणी विचारला नव्हता!

“तुमच्या मुलीला काय सांगितलं असतंत?” मी विचारलं.

“ते मी कुणालाच सांगत नाही,” म्हणून त्या हसल्या. नवरा मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. एकात थांबा, दुसऱ्यात थांबू नका. मला त्याचाही राग आला आणि बाईंचाही.

त्यानं दोन्ही घरी फोन केले. शिरगावात सासूबाई आणि धारगळात आई, दोघी आपापल्या गावच्या देवळात कौल लावायला गेल्या. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

सासूबाईंचा फोन आधी आला. “बाळ फाल्या काढूया काय, म्हणान इचारलंय. देवान उजवी दिली गो!” फाल्या म्हणजे उद्याच.

आई बस पकडून थेट हॉस्पिटलात आली. कागदाच्या पुडीत पाकळी होती. “देवान डावी दिली. कापूक दिव नको, बाय.”

आता दोन देवांचंच जमेना, तिथं मी काय करणार? माझं डोकं फिरलं. “तुझ्या देवाला सोनोग्राफी कळते का?” मी सगळ्या वॉर्डासमोर आईवर ओरडले. तिनं पुडी पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी मी सिझरच्या कागदावर सही केली. पटलं म्हणून नव्हे, विचार करून डोकं बधिर झालं होतं म्हणून.

मुलगी छान झाली. सासूबाई म्हणाल्या, देवानं सांगितलेलं खरं झालं. दोन दिवस थांबले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मला अजूनही कळलेलं नाही.

टाके सुकल्यावर धारगळला आई मला न्हाऊ घालत होती. पाण्यात निर्गुडीचा पाला होता. पाठ रगडून झाली, पण टाक्यांपाशी तिचा हात थांबला.

“तुझा देव चुकला गो आई,” मी चिडवलं.

“देव चुकाक नाय,” ती म्हणाली. “मिया बाळाचा इचारूकच नाय. माझ्या चेडवाक कापूक दिव काय, इतक्याच इचारलंय.”

तिचं चेडू, म्हणजे मी. ठोके बाळाचे, पाणी बाळाचं, सासूबाईंचा कौल बाळाचा. मीसुद्धा त्या दिवशी बाळाचाच विचार करत होते. माझं विचारायला एकटी आई गेली होती, आणि ओरडले मी तिच्यावरच.