मंडईच्या दिवशी कुलूप

मंडईच्या दिवशी आमच्याकडे पाहुणा उपाशी गेला, तर त्या घराची चर्चा पुढच्या मंडईपर्यंत पुरते. मी तर अंगण भरून पाहुणे बसलेले असताना स्वयंपाकघरालाच कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, रात्री नाटक असतं आणि घरोघरी पाहुणे उतरतात. मंडईला बोलावलेला जावई म्हणजे तर त्या दिवसाचा राजाच. त्याला साधा पाण्याचा गडूसुद्धा उचलू देत नाहीत.

माझा नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत. लग्नानंतरची बहुतेक वर्षं मी क्वार्टरमध्येच काढली. पोरं शिकायला बाहेर गेली आणि मला ते घर खायला उठलं. त्याच सुमारास कोंढ्याजवळच्या आमच्या गावात सासऱ्यांचे गुडघे गेले. वावर, म्हणजे शेत, ठेक्यानं द्यायचं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, मी करते. नवरा इतका हसला की हातातला चहा सांडला. सासरे मात्र हसले नाहीत.

"एक साल करून पाह्य," ते म्हणाले. "नाही जमलं, त ठेक्यानं देऊन टाकू. मंग रडाचं नाही."

मी बाडबिस्तरा घेऊन गावी आले. परे टाकले, म्हणजे रोपांसाठी धान पेरला, मग त्या रोपांचा रोवणा करून घेतला, कालव्याच्या पाण्यासाठी शेजाऱ्याशी भांडले. भांडण मला शिकवावं लागत नाही. धान असा झाला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

कापणीच्या वेळी सासरे म्हणाले, "मंडई होऊन जाऊ दे. या दिवसांत मजूर या मंडईतून त्या मंडईत फिरतेत. काप पडून राहीन." पण लोंब्या झडायला लागल्या होत्या. मी कापून टाकला. कापलेला धान भारे बांधायच्या आधी बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यातच, पसरून सुकवतात, त्याला आम्ही कडपा म्हणतो. कडपा पसरल्या आणि बायका "बांधाले मंडई झाल्यावर येतो जी" म्हणून निघून गेल्या.

आमच्या मंडईला अंगणात ताडपत्र्यांचा मांडव टाकला होता. नणंदा, त्यांचे नवरे, माझ्या नवऱ्याचे फॅक्टरीतले मित्र, सगळे कडक इस्त्रीत. आत चुलीवर मटण रटरटत होतं. मी खरकटं पाणी फेकायला मागच्या दारी गेले, तर धरणाच्या अंगानं आभाळ काळंकुट्ट झालेलं. भिजलेल्या कडपांना कोंब फुटतात. धान जाणार, आणि धानाबरोबर वावरही जाणार.

नवऱ्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "पानी येऊन राहिलं, दिसते मले. पन आता मानसं कुठून आनू? पाहुने बसले हायेत."

सासरे खाटेवर बसून आभाळाकडे बघत होते. पाहुण्यांना काम सांगणं त्यांच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं. माझ्या आलं.

मी मटण चुलीवरून उतरवलं, दार ओढलं, कुलूप घातलं आणि अंगणात येऊन उभी राहिले. "आयका जी सगळे. मटन झालं, भात झाला. पन किल्ली माह्यापाशी हाये. पयले कडपा उचला, मंग जेवा."

मोठी नणंद उसळली, "काहून व, डोकं फिरलं का तुयं? जवाई हायेत ते!"

"पानी जवाई पाहून पडते का?"

सगळ्यांत आधी उठला तो तिचाच नवरा. भंडाऱ्यात कापडाचं दुकान असलेला, खुर्ची पुसल्याशिवाय न बसणारा माणूस. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "मटनाचा वास सुटला हाये. चला लवकर." मग सगळेच उठले. नणंदही मला वाटभर शिव्या घालत आली, आणि भारे सगळ्यांत झपाट्यानं तिनंच बांधले.

फॅक्टरीतल्या एका मित्राचा भारा डोक्यावर घेताच सुटला आणि तो धानाखाली दिसेनासा झाला. भर घाईतही आम्ही पोट धरून हसलो. सासरे काठी टेकत आले आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून ओरडायला लागले, "लोंब आत, बुड बाहेर!" भाऱ्यांवर भारे रचत पुंजणं चढत गेलं. नवरा घरी पळाला आणि मांडवाच्या ताडपत्र्याच सोडून घेऊन आला. शेवटचं टोक ओढलं आणि टपोरे थेंब आले. मग धो धो. माझा धान कोरडा होता! मी चिखलात उभी राहून पोरीसारखी ओरडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

घरी येऊन कुलूप काढलं. इस्त्रीचे कपडे दोरीवर गेले आणि माझ्या नवऱ्याच्या लुंग्या, सासऱ्यांची धोतरं नेसून पाहुणे ओसरीत जेवायला बसले. असे जेवले की मला रस्सा वाढवावा लागला. कापडवाल्या जावयानं तर ताट पुसून खाल्लं.

मी सासऱ्यांना वाढायला वाकले. त्यांनी मान वर केली नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "उन्हाळी धानाचे परे कवा टाकशील?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. बाकीचे जेवत होते, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. माझे डोळे भरून आले, पण रडायचं नाही असं ठरलेलं होतं.

"कालव्याले पानी सुटू द्या मामाजी, टाकतोच," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात अजून भात वाढला.