राजाचं चकचकीत नाक

मी ज्यांच्याकडे घरकाम करते त्या गोऱ्या आजींनी माझी नोकरी वाचवली, तीही पोटच्या मुलाशी धडधडीत खोटं बोलून. हे आधी सांगते, मग माझा पराक्रम.

नववीत शाळा सुटलेली मी. ही नोकरी गेली तर इंग्लंडातल्या या स्लाऊ गावात दुसरी कोण देणार, या धास्तीनं जीव कायम टांगणीला. त्यात दिवाळीच्या आठवड्यात आजींनी कपाटातला मखमली ट्रे काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या वारलेल्या यजमानांनी जमवलेली रोमन काळातली चांदीची नाणी. "बघ हं, आलेच मी," म्हणत त्या फोन घ्यायला गेल्या.

एका नाण्यावर बाई उभी. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. ही लक्ष्मी नाही तर कोण? आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर अशी काळीकुट्ट! आमच्याकडे दिवाळीआधी देवाची चांदी टूथपेस्टनं घासतात. पण देवीला थेट ब्रश कसा लावायचा? नाणं उलटं केलं. मागे जाड मानेचा कुणी राजा होता. म्हटलं, आधी याच्यावर करून बघू.

नाक उजळलं, तेवढ्यात आजी आल्या. "ओ डिअर, नो!"

"ब्लॅक... दिवाळी... क्लीन," एवढंच इंग्रजी माझ्या तोंडून फुटलं. आजींनी समजावलं, की तो काळा थर शेकडो वर्षांचा, जाणकार तोच जपतात. राजा तव्यासारखा काळा आणि नाक तेवढं लखलखीत, जशी सर्दीच झालीय!

दुपारी त्यांचा मुलगा आला. वडिलांची नाणी म्हणजे त्याचा जीव. ट्रे बघून ओरडलाच, "मम, हे कुणी केलं?"

"मी."

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"तुझे बाबाही आयुष्यभर हेच सांगायचे. एक नाक तर घासलं रे! चहा घेणार का?"

किचनमध्ये मी घाबरून किटली रिकामीच लावली होती.

तो गेल्यावर आजी हसत म्हणाल्या, "सोमवारी ये. टूथपेस्टला हात लावायचा तो फक्त दात घासायला."

आजी, एक दिवस माझ्या कमाईतून लक्ष्मीचं चांदीचं नाणं आणून तुमच्या हातात ठेवीन. मग ते कितीही काळं पडो, मी घासणार नाही. शब्द देते.