तोरणाची तार

मी रोह्याला राहते आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने पेणला शाळेत शिकवायला जाते. दसऱ्याला आम्ही रोजच्या बायका आमच्या डब्याची पूजा करतो. दाराला हळदकुंकू, झेंडूचं तोरण, सगळ्यांना पेढे. तोरण बांधायचं काम माझं, आणि ते दरवर्षी नागोठण्याच्या आत सुटायचं. सगळ्या माझी टर उडवायच्या. यंदा मी इरेला पेटले. घरून तार नेली आणि दारामागच्या खिट्टीला करकचून आवळली. उघडं दार भिंतीशी धरून ठेवते ती हीच खिट्टी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फुलं सुकल्यावर कुणीतरी ओढून काढली. तार तिथेच राहिली.

थोड्याच दिवसांनी पेणला गाडीने ब्रेक मारला आणि दार सुटून धाडकन आलं. उतरायला उभ्या असलेल्या आमच्यातल्याच एकीची बोटं चौकटीत चेंगरली. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. नेमका उजवा हात.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी बदलायला पेणला निघाली होती. रोह्याला गाडी सुटायच्या आधी दुरुस्तीवाला दार बघायला आला आणि मी त्याला धारेवर धरलं. "दारं अशी मोकळी सोडता? पगार कसला घेता?" माझा आवाज वर्गात कमावलेला, सगळा डबा ऐकत होता.

त्याने वाकून खिट्टीत पक्कड घातली आणि तार ओढून काढली. "ही कोनी बांधली?"

डब्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

"मीच बांधली, दादा," बोटं चेंगरलेली तीच म्हणाली.

"आधी तार अडकवायची, मग आमच्या नावानं बोंबलायचं!" तो तिच्यावर खेकसला. "अक्कल हाय का नाय? बोटं तुटली असती म्हंजे?"

तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्याने दार दोनदा लावून बघितलं आणि तो उतरून गेला.

गाडी सुटल्यावर मी हळूच विचारलं, "असं का गं केलंस?"

"तुमी शाळंतल्या बाई," ती म्हणाली. "तुमाला चारचौघांत कोन बोललं तर बरं दिसतं व्हय? माझं काय, मला सवय हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो तिच्यावर ओरडत होता तेव्हा मला हायसं वाटलं होतं.